कुत्रा चावल्यानंतर: मुंबईत उपचार, तक्रार आणि भरपाई यांची प्रक्रिया, लागणारे कागद आणि चुकणाऱ्या मुदती

कुत्रा चावल्याची तक्रार घेऊन येणारी बहुतेक माणसे घटनेनंतर तीन-चार महिन्यांनी येतात. जखम भरलेली असते, लशीचे डोस पूर्ण झालेले असतात, बुडालेल्या रोजाचा हिशेब घरात दहा वेळा झालेला असतो आणि तेव्हा कुठे मनात येते की या त्रासाची भरपाई कोणी तरी द्यायला हवी. त्यांचे म्हणणे बहुधा खरे असते, पण हातात एक केसपेपर आणि औषधाच्या दुकानाच्या दोन पावत्या यांपलीकडे काही नसते. कायद्यात तरतूदच नाही म्हणून दावा बुडाला, असे क्वचित घडते. पहिल्या दिवशी एक ओळ लिहून घ्यायची राहिली किंवा एक मुदत चुकीची मोजली, एवढ्यावरून तो बुडतो. म्हणून नेहमीच्या पायऱ्या येथे थोडक्यात दिल्या आहेत आणि माणसे जिथे अडतात ती ठिकाणे सविस्तर.

सर्वांत आधी जखम. वाहत्या पाण्याखाली साबण लावून ती पूर्ण १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांतले काहीही लावू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून लस त्याच दिवशी सुरू करावी आणि ओरखडा लहान आहे म्हणून थांबू नये. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही भीती अजूनही अनेकांच्या मनात आहे. ती पद्धत केव्हाच बंद झाली. आता लस दंडात किंवा त्वचेत दिली जाते. दंडातील लशीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८ असे असतात, त्वचेतील लशीचे ०, ३, ७ आणि २८. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर ती तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत मोडते आणि लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडे) जखमेत व जखमेभोवती द्यावे लागते. लशीच्या पहिल्या डोसपासून सात दिवस उलटल्यावर ते देत नाहीत, म्हणून ‘मला ते लागेल का’ असे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावे. परळचे केईएम, शीव, नायर, कूपर ही महापालिकेची मोठी रुग्णालये आणि साथरोगांसाठीचे कस्तुरबा रुग्णालय येथे हे उपचार होतात. चावलेला कुत्रा डोळ्यांसमोर असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. तो ठणठणीत राहिला तर पुढच्या डोसांचे काय करायचे हे डॉक्टर ठरवतील. पहिला डोस मात्र दहा दिवसांची वाट पाहत थांबवायचा नसतो.

आता पहिला अडसर, म्हणजे केसपेपर. भांडुपच्या एका घरकाम करणाऱ्या ताईंचा केसपेपर मी हातात धरून पाहिला आहे. त्यावर ‘डॉग बाइट, उजवी पोटरी, एआरव्ही (रेबीजची लस)’ एवढेच लिहिलेले होते आणि खाली अर्धवट उमटलेला शिक्का होता. ताई ज्या इमारतीत कामाला जातात तिथल्या चौथ्या मजल्यावरचा पाळलेला कुत्रा त्यांना जिन्यात चावला होता. मालकाने सुरुवातीला लशीचे पैसे देतो म्हणून सांगितले आणि महिन्याभराने तो रस्त्यावरचा कुत्रा असणार, आमचा नव्हे, अशी भूमिका घेतली. ताईंचे म्हणणे खोडून काढायला मालकाला फार काही करावे लागले नाही, कारण कागदावर कुत्रा कोणाचा, घटना कुठे आणि किती वाजता, यांपैकी काहीच नव्हते. म्हणून अपघात विभागात गेल्याबरोबर ही पोलीस केस म्हणून नोंदवावी, असे सांगावे. घटनेची वेळ, जागा, कुत्रा पाळीव असल्यास मालकाचे नाव व घर क्रमांक, जखमांची संख्या, खोली आणि श्रेणी या गोष्टी डॉक्टरांना तोंडी सांगून लिहून घ्याव्यात. गर्दीच्या वेळी हे सांगताना संकोच वाटतो आणि पलीकडून ‘ते सगळे नंतर’ असे उत्तरही मिळते, तरी तिथून हलू नये. नंतर तो कागद दुरुस्त करून घेणे जवळपास अशक्य असते. जवळच्या खासगी दवाखान्यात इंजेक्शन घेऊन नुसती पावती घेणाऱ्यांची अडचण याहून मोठी होते. त्यांनी निदान डॉक्टरांच्या लेटरहेडवर जखमेचे वर्णन घ्यावे आणि त्याच दिवशी सरकारी किंवा पालिका रुग्णालयात नोंद करावी.

त्याच दिवशी जखमेची छायाचित्रे काढावीत, फाटलेले कपडे न धुता ठेवावेत आणि पाहणाऱ्या दोघांची नावे व पत्ते लिहून घ्यावेत. सोसायटीच्या कॅमेऱ्यातील चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सचिवांना अमुक तारखेचे, अमुक वेळेचे चित्रण जपून ठेवावे असा लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. मोबाइलवर मिळालेली चित्रफीत न्यायालयात पुरावा म्हणून द्यायची असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रही लागते, तेव्हा ते चित्रण कोणत्या यंत्रातून, कोणी काढून दिले हे विसरू नये.

येथून पुढे दोन वाटा होतात, कारण पाळीव कुत्र्याच्या बाबतीत जबाबदार माणूस समोर असतो आणि भटक्या कुत्र्याच्या बाबतीत तो शोधावा लागतो.

कुत्रा पाळीव असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार करावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ प्राण्याच्या बाबतीत केलेल्या निष्काळजीपणासाठी आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इजा झाली असेल तर याच संहितेचे कलम १२५ देखील लागू होऊ शकते आणि गंभीर दुखापत असेल तर त्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दोन्ही कलमे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास सुरू करू शकतात. तरीही ठाण्यात बहुधा पहिले वाक्य ऐकू येते ते ‘एनसी करून देतो’ असे. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद; तिच्यावर पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत आणि तक्रारदार मात्र आपली केस सुरू आहे अशा समजुतीत वर्ष घालवतो. या प्रकाराचा मला खरोखर राग येतो, कारण कलम दखलपात्र असल्याचे कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेले आहे. हद्दीचा प्रश्न काढून परत पाठवले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवण्याची सोय आहे आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. नोंद नाकारली गेल्यास तक्रारीचा मजकूर लेखी स्वरूपात पोस्टाने विभागाच्या पोलीस उपायुक्तांना पाठवावा. त्यानंतरही काही न घडल्यास प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. उपायुक्तांना पाठवलेल्या पत्राची पोस्टाची पावती जोडलेली नसेल तर हा अर्ज तिथेच अडतो, म्हणून ती चिठ्ठी जपून ठेवावी.

कलम २९१ चे शब्द नीट वाचले पाहिजेत. मानवी जिवाला किंवा गंभीर दुखापतीला कारण होईल असा संभाव्य धोका टाळण्यासाठी पुरेशी काळजी न घेणे, असा तो गुन्हा आहे. म्हणजे कुत्रा चावला एवढे सांगून भागत नाही. साखळी नव्हती, दार उघडे होते, हा कुत्रा याआधीही कोणाच्या अंगावर गेला होता आणि मालकाला ते माहीत होते, असे तपशील तक्रारीत हवेत. पूर्वी सोसायटीकडे कोणी तक्रार केली असेल तर तिची प्रत फार मोलाची ठरते. कुत्र्याला पालिकेचा परवाना होता का, तो त्या वर्षी नूतनीकृत होता का, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येते आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. कालमर्यादाही लक्षात असू द्यावी: सहा महिन्यांच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालय सर्वसाधारणपणे एका वर्षाच्या आत घेते. निकालाला मात्र वेळ लागतो. नेपियन सी रोडवर मे २०१० मध्ये रॉटवायलर जातीचा कुत्रा ७२ वर्षांच्या गृहस्थांना चावला, त्या प्रकरणात गिरगावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी मालकाला तीन महिन्यांची शिक्षा जानेवारी २०२३ मध्ये सुनावली.

फौजदारी प्रकरणातला दंड सरकारजमा होतो. शिक्षा सुनावताना न्यायालय जखमी व्यक्तीला भरपाई देण्याचा आदेश करू शकते, पण त्यावर विसंबून राहू नये. उपचारखर्च, बुडालेली मजुरी आणि वेदनांची भरपाई यांसाठी मालकाविरुद्ध दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. त्यात मूळ बिले, लशीचे कार्ड आणि कामावरच्या गैरहजेरीचा दाखला लागतो. घरकाम किंवा रोजंदारी करणाऱ्यांकडे हा दाखला कधीच नसतो. त्यांनी जिथे काम करतात तिथल्या कुटुंबाकडून किंवा मुकादमाकडून किती दिवस आले नाहीत आणि किती पैसे कापले, एवढे साध्या कागदावर सहीनिशी लिहून घ्यावे. मालक खर्च देत असेल तर अवश्य घ्यावा, पण ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ असा मजकूर असलेल्या कागदावर त्या घाईत सही करू नये; मिळालेल्या रकमेची आणि तारखेची पावती पुरेशी आहे.

भटका कुत्रा चावला असेल तर १९१६ या क्रमांकावर पालिकेकडे तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा आणि तोच क्रमांक घालून विभाग कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. कुत्र्याला कायमचे घेऊन जा, अशी मागणी केली की अर्ज बहुतेक वेळा निकाली निघतो, कारण २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी व लसीकरण झालेला कुत्रा पुन्हा त्याच भागात सोडायचा असतो. रेबीज झालेल्या, तसा संशय असलेल्या किंवा आक्रमक कुत्र्यांना मात्र तसे सोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटले आहे. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस डेपो आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्रे उचलून पुन्हा तिथे न सोडण्याचे निर्देश आहेत. म्हणून तो कुत्रा यापूर्वी किती जणांना चावला, त्यांची नावे, आणि घटना अशा आवारात घडली असल्यास त्याचा ठळक उल्लेख अर्जात करावा. संतापाच्या भरात कुत्र्याला मारू नये; प्राण्याला ठार मारणे किंवा पंगू करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे आणि तक्रारदारच आरोपी होऊन बसतो.

पालिकेकडून भरपाई मागताना सर्वाधिक लोक ज्या मुदतीत अडकतात ती मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ५२७ मध्ये आहे. पालिकेने आपले कर्तव्य पार पाडण्यात हयगय केली असा दावा लावायचा असेल तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते, त्यानंतर एक महिना थांबावे लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. तीन वर्षांची मुदत खासगी मालकासाठी आहे, पालिकेसाठी नाही, आणि हा फरक अनुभवी माणसांच्याही नजरेतून निसटतो. १० जानेवारीला कुत्रा चावला असेल तर नोटिशीचा महिना सहा महिन्यांतच धरावा, म्हणजे नोटीस मे महिन्यातच पोचलेली बरी. दुसरी चूक नोटीस देण्याच्या जागेची. ती पालिकेच्या मुख्य कार्यालयात, म्हणजे सीएसएमटीसमोरच्या मुख्यालयात द्यायची असते. विभाग कार्यालयात दिलेला अर्ज म्हणजे ही नोटीस नव्हे, मग त्यावर आवक क्रमांक कितीही स्पष्ट उमटलेला असो. नोटिशीत दाव्याचे कारण पुरेशा तपशिलाने, तसेच आपले नाव व राहण्याचा पत्ता लिहावा आणि प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा.

‘एका दाताच्या खुणेला दहा हजार रुपये’ हा मजकूर मोबाइलवर सर्वत्र फिरतो आणि लोक तोच आकडा अर्जात लिहितात. हे सूत्र पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालातले आहे आणि ते पंजाब, हरियाणा व चंडीगडपुरते आहे. मुंबईतील दाव्यात त्याचा दाखला देता येईल, हक्क म्हणून ती रक्कम मागता येणार नाही. येथे प्रत्यक्ष खर्च आणि हानी सिद्ध करावी लागते. त्याचप्रमाणे बिबट्यासारख्या वन्यप्राण्याच्या हल्ल्यासाठी वनविभाग जी भरपाई देतो, तिच्यात भटका किंवा पाळीव कुत्रा येत नाही. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व अशा गंभीर प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, पण त्यासाठी वकिलांचा सल्ला आधी घ्यावा.

आरोग्य विम्यात भरती न होता घेतलेल्या लशीचा खर्च अनेकदा मिळत नाही. वैयक्तिक अपघात विमा असेल तर त्याची अट वाचून लवकर कळवावे. कामावर असताना कुत्रा चावला असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू असेल, तर नोकरी देणाऱ्या मालकाकडून अपघाताचा अहवाल त्याच आठवड्यात भरून घ्यावा.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. तिथे जाताना केसपेपर, लशीचे कार्ड, बिले, एफआयआर किंवा तक्रारीची पोच, १९१६ चा तक्रार क्रमांक आणि आधार कार्ड यांच्या झेरॉक्सचे दोन संच न्यावेत आणि मूळ कागद स्वतःकडेच ठेवावेत. कुत्रा भटका असेल आणि चार महिने उलटून गेले असतील, तर सहा महिन्यांची शेवटची तारीख कोणती, हे प्राधिकरणातील पहिल्या माणसाला सर्वांत आधी सांगावे, म्हणजे वकील नेमण्याची वाट न पाहता नोटीस त्याच आठवड्यात पाठवता येईल.