शोभिवंत हस्तनिर्मित साबण

शोभिवंत हस्तनिर्मित साबण : तेल वा चरबी आणि दाहक सोडा यांच्या विक्रियेतून लहान प्रमाणात, हाताने केलेला, वनस्पतिज किंवा खनिज द्रव्यांनी रंगविलेला आणि नक्षीदार साच्यात ओतून किंवा वरून ठसा उमटवून घडविलेला साबण. तयार 'सोप बेस' (आधीच साबण झालेला कच्चा माल) वितळवून साच्यात ओतलेल्या वड्यांनाही व्यवहारात हेच नाव मिळते. त्यात साबण होण्याची विक्रिया करणाऱ्याच्या हातून घडत नाही, म्हणून या नोंदीत मुख्य विचार शीत प्रक्रियेने (कोल्ड प्रोसेस, म्हणजे न शिजवता) केलेल्या साबणाचा केला आहे.

नाव व उगम : 'साबण' शब्दाचे मूळ लॅटिन 'सापो'पर्यंत जाते, याबद्दल फारसा मतभेद नाही. तो मराठीत कोणत्या वाटेने आला, यावर मात्र दोन मते आहेत. एक मत पोर्तुगीज 'सबांव'चे. कोकणीतील 'साबू' हे रूप त्याला अनुकूल आहे, कारण शब्दाच्या अखेरीस 'न' किंवा 'ण' उरत नाही. दुसरे मत अरबी-फार्सी 'साबून'चे. गुरू नानकांच्या (१४६९–१५३९) जपजीत मळलेले कापड साबणाने धुण्याचा दृष्टान्त आहे. पंजाबात त्या काळी पोर्तुगीज संपर्क पोहोचला असण्याचा संभव कमी, तेव्हा उत्तरेत हा शब्द फार्सीतून रुळला होता असे म्हणता येते. तुकारामांच्या अभंगात पाणीच निर्मळ नसेल तर साबण काय करील, अशा अर्थाची ओळ आहे आणि तेथे रूप 'साबण' असेच आहे. हा पुरावा सतराव्या शतकाचा. गोव्यात पोर्तुगीज १५१० पासून होते, म्हणून एकट्या या ओळीने वाद मिटत नाही. तरी शब्दान्तीच्या 'ण'कडे पाहता देशावरचा 'साबण' फार्सीतून आणि किनाऱ्यावरचा 'साबू' पोर्तुगीजमधून, अशा दोन स्वतंत्र वाटा मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

वस्तूच्या उगमाबद्दल याहून अधिक गोंधळ आहे. रोमजवळच्या 'सापो' नावाच्या डोंगरावर बळी दिलेल्या जनावरांची चरबी आणि राख पावसाने नदीत वाहून गेली व धुणे धुणाऱ्या बायकांना साबण सापडला, ही कथा साबणाच्या बहुतेक पुस्तिकांत छापलेली असते. अशा डोंगराचा उल्लेख प्राचीन लेखनात आढळत नाही; ती आख्यायिकाच समजावी. मेसोपोटेमियातील इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातील मृत्तिकालेखांचा दाखलाही वारंवार देतात. तेल किंवा चरबी आणि राखेचा क्षार एकत्र वापरल्याचे त्यांवरून दिसते. परंतु त्यातून घन साबण तयार होत असे, हे सिद्ध झालेले नाही. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने निसर्गविषयक ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या भागात केलेली नोंद अधिक भरवशाची आहे. बोकडाची चरबी आणि बीच झाडाची राख यांपासून गॉल (आजच्या फ्रान्स भागातील प्राचीन) लोक 'सापो' करीत व त्याने केस तांबूस करीत, असे तो सांगतो. युरोपीय लेखनात हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो असा, रंगाच्या संदर्भात. धुण्याचा उल्लेख तेथे नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही बाब लक्षणीय आहे.

भारतात रिठा, शिकेकाई आणि हिंगणाची फळे या फेसाळ, सॅपोनिनयुक्त द्रव्यांची परंपरा जुनी आहे. कामसूत्रातील नागरकाच्या (सुखवस्तू नगरवासीयाच्या) दिनचर्येत रोज स्नान, दुसऱ्या दिवशी उत्सादन (अंग चोळणे) आणि तिसऱ्या दिवशी 'फेनक' असा क्रम दिला आहे. या फेनकाचा अर्थ काही भाषांतरकारांनी सरळ 'साबण' असा केला. फेस येणारे द्रव्य एवढाच शब्दाचा अर्थ आहे. तेल आणि क्षार यांच्या संयोगाची कृती तेथे नाही, म्हणून रिठ्यासारखे वनस्पतिद्रव्य मानणे बरे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील प. कृ. गोडे यांनी रिठा, साबण आणि परीट यांचे जुने उल्लेख परिश्रमपूर्वक गोळा केले. मराठी वाचकाने या विषयात पहिल्यांदा त्यांच्याकडेच वळावे.

शोभेची परंपरा : साबणावर ठसा उमटविण्याची चाल पश्चिम आशियात दीर्घकाळ आहे. सीरियातील अलेप्पो येथे ऑलिव्ह व लॉरेल तेलांचा शिजवलेला साबण जमिनीवर पसरून ओततात, गोठल्यावर कापतात आणि प्रत्येक वडीवर हातोडीने कारागिराची मुद्रा मारतात. वड्या रचून सहा ते नऊ महिने वाळवतात. बाहेरून सोनेरी झालेली वडी कापली की आत हिरवा रंग दिसतो. पॅलेस्टाइनमधील नाब्लुसचा साबणही मुद्रांकित असतो. या दोन्ही कला २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आल्या. तुर्कस्तानातील एदिर्ने येथील फळांच्या आकाराचे रंगीत साबण उस्मानी काळापासूनचे मानले जातात. ते धुण्यापेक्षा भेट देण्यासाठी आणि कपड्यांच्या पेटीत सुवासासाठी असत. भारतात कारखान्यातील साबणानेही ठशाचे महत्त्व ओळखले. म्हैसूर सँडल साबणावरचा हत्तीच्या मस्तकाचा आणि सिंहाच्या धडाचा शरभ परिचित आहे. महाराष्ट्रात गोल मोती साबण आणि दिवाळीचे अभ्यंगस्नान यांचे नाते सांगण्याची गरज नाही.

प्रक्रिया : फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्हरल यांनी १८२३ साली चरबीवरील संशोधन प्रसिद्ध करून साबणीकरणाचे (तेल व क्षार यांपासून साबण होण्याच्या विक्रियेचे) स्वरूप उलगडले. तेलाच्या एका रेणूशी सोड्याचे तीन रेणू विक्रिया करतात. साबणाचे तीन रेणू व ग्लिसरीनचा एक तयार होतो. कारखाने बहुधा हे ग्लिसरीन वेगळे काढतात, हाताने केलेल्या साबणात ते राहते. सोड्याचे प्रमाण तेलागणिक बदलते : १ ग्रॅम खोबरेलाला सुमारे ०.१८३, ऑलिव्ह तेलाला ०.१३५ आणि एरंडेलाला ०.१२८ ग्रॅम. ४०० ग्रॅम खोबरेल, ५०० ग्रॅम ऑलिव्ह तेल आणि १०० ग्रॅम एरंडेल घेतल्यास हिशेब १५३.५ ग्रॅमचा येतो. त्यातून पाच टक्के कमी करून सुमारे १४६ ग्रॅम सोडा घेतात, म्हणजे थोडे तेल मोकळे राहून साबण त्वचेला झोंबत नाही. सोडा नेहमी पाण्यात घालावा, सोड्यावर पाणी ओतू नये. द्रावण क्षणात उकळीच्या जवळ जाते आणि उसळून डोळ्यांत उडू शकते. द्रावण तेलात घालून घुसळल्यावर मिश्रण दाटते आणि पळीची धार पृष्ठभागावर रेघ धरून राहते. या अवस्थेला 'ट्रेस' म्हणतात. रंग मिसळण्याची वेळ हीच. नाजूक नक्षीच्या साच्यासाठी पातळ ट्रेस हवा, थरांसाठी जाड.

नैसर्गिक रंग : नवशिक्याची बहुतेक निराशा रंगांपाशी होते, म्हणून हा भाग विस्ताराने देत आहोत. साबणाचे पीएच मूल्य (क्षारतेचे माप) साधारण ९ ते १० असते आणि मिश्रण ताजे असताना त्याहून बरेच जास्त. फुलाचा किंवा मुळाचा रंग पाण्यात कसा दिसतो, यावरून साबणात तो कसा उतरेल हे सांगता येत नाही. हळदीला चुना लागला की ती लालते, हे मराठी घरात लहानपणीच कळते. साबणात तेच घडते. सोडा मिळताच हळदीतील कर्क्युमिन विटकरी लाल होते. साबण होत जातो तशी क्षारता उतरते आणि रंग नारिंगी-पिवळ्यावर स्थिरावतो. पुढे उजेडाने तो फिका पडतो. खिडकीत मांडलेली हळदीची वडी काही आठवड्यांत निस्तेज झालेली दिसते.

रतनजोत हे नाव बाजारात एकाहून अधिक वनस्पतींच्या मुळांना दिले जाते. अल्काना, आर्नेबिया आणि ओनोस्मा या तीनही प्रजातींची मुळे त्या नावाने विकली जातात. रंगद्रव्य अल्कानिन किंवा त्याचा जवळचा भाऊबंद असल्याने परिणाम सारखाच होतो : तेलात लाल, साबणात निळसर जांभळा ते करडा. मूळ कुटून तेलात काही आठवडे भिजत ठेवून गाळलेले तेल वापरावे; भुकटी थेट घातल्यास वडी खरखरीत होते. मंजिष्ठा (रुबिया कॉर्डिफोलिया) गुलाबी ते फिकट विटकरी छटा देते. युरोपीय मॅडरमध्ये अलिझरीन प्रमुख असते, आपल्या मंजिष्ठेत परप्युरीन आणि मंजिष्ठिन. परदेशी पुस्तकातील मॅडरची छटा आपल्या मंजिष्ठेतून हुबेहूब मिळत नाही, त्याचे कारण हे. शेंद्रीच्या बियांवरील बिक्सिन तेलात सहज उतरते व पिवळा-नारिंगी रंग देते. तोही उजेडाला कच्चा आहे.

नीळ वेगळी वागते. कापड रंगवताना ती विरघळावी म्हणून क्षपणाची (रासायनिक रीत्या ऑक्सिजन काढून घेण्याची) खटपट करावी लागते. साबणात तसे काही न केल्याने ती अविद्राव्य कणांच्या रूपातच राहते आणि क्षारामुळे बदलत नाही. थोडी घातल्यास राखी निळा, जास्त घातल्यास गडद निळा रंग येतो. अति झाल्यास फेसही निळा होतो. कपड्यांना घालण्याची दुकानी नीळ बहुधा वनस्पतिज नसते, ती येथे वापरू नये.

जास्वंद, गोकर्ण, कोकम आणि बीट यांविषयी मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे : यांचा लाल, निळा वा जांभळा रंग साबणात टिकत नाही. पहिल्या तिघांतील अँथोसायनिने ही रंगद्रव्ये क्षारात हिरवट होऊन तपकिरी पडतात, बीटचे बीटानिन पिवळट तपकिरी होते. बीटचा गुलाबी साबण म्हणून जो दाखवला जातो, त्यात बहुधा दुसरा रंग असतो. कडुनिंब आणि तुळशीच्या पानांचा हिरवा रंगही उजेडात लवकर मातकट होतो. दूध, मध आणि गूळ यांतील शर्करा वडी तपकिरी करतात. काही सुगंधांतील व्हॅनिलिनही तेच करते.

गेरू, मुलतानी माती, कोळसा हे खनिज व कर्बयुक्त रंग क्षार आणि उजेड दोन्हींत पक्के. 'नैसर्गिक' म्हणजे काय, यावर येथे वाद आहे. खाणीतल्या गेरूत जड धातूंचे अंश असू शकतात, म्हणून सौंदर्यप्रसाधनांत कृत्रिम लोह ऑक्साइड वापरतात. रासायनिक दृष्ट्या रंगद्रव्य एकच, पण शुद्धता तपासलेली. अभ्रकाची चमकदार भुकटीही नैसर्गिक म्हणून विकतात. अभ्रक खनिज असले, तरी त्यावरचा रंगाचा लेप बहुधा कारखान्यातला असतो. वेष्टनावर नेमके द्रव्य लिहिणे हाच प्रामाणिक मार्ग होय.

साचे व पोत : सिलिकोनचे साचे आज सर्वाधिक वापरात आहेत, ते वाकवून वडी सोडवता येते, त्यामुळे आत वळलेली नक्षीही मोडत नाही. घरात मोदकाचा साचा तयार असतो व तो मोहात पाडतो. तो ॲल्युमिनियमचा असेल तर ताज्या मिश्रणासाठी वापरू नये. दाहक सोडा ॲल्युमिनियमला खातो, हायड्रोजन वायू सुटतो, साचा आणि साबण दोन्ही वाया जातात. सोप बेससाठी तो चालतो. लाकडी कोरीव साच्यात ओतलेला ओला साबण चिकटून बसतो. कापड छापण्याचे लाकडी ठसे मात्र फार सुंदर उमटतात : वड्या कापल्यावर एक ते तीन दिवसांनी, बोट दाबल्यास किंचितच खळगा पडेल इतक्या घट्ट झाल्यावर, ठसा सरळ दाबून सरळ उचलावा. लवकर केल्यास साबण ठशाला लागून येतो, उशीर झाल्यास कडा तडकतात. लेस किंवा पोताचा सिलिकोन पट साच्याच्या तळाशी अंथरूनही नक्षी घेता येते. बुडबुडे नक्षीच्या रेषा खातात, म्हणून ओतल्यावर साचा ओट्यावर चार-सहा वेळा आपटावा.

हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि न संपलेला सोडा यांच्या संयोगाने पृष्ठभागावर सोडियम कार्बोनेटची पांढरी साय धरते. साध्या वडीत ती खपते, पोत असलेल्या वडीत खाचांत बसून नक्षी पुसट करते. साचा पहिला दिवस झाकून ठेवल्यास ती बरीच टळते. आल्यास वाफेने जाते. साचा कापडात गुंडाळून ऊब दिली की साबण काही तास पारदर्शक जेलसारखा होतो, रंग अधिक खुलतात. दुधाच्या साबणात ऊब टाळतात, कारण तो करपट होतो.

वाळवण व नियमन : वड्या चार ते सहा आठवडे हवेशीर जागी अंतर ठेवून वाळवतात; केवळ ऑलिव्ह तेलाच्या साबणाला काही महिने लागतात. विक्रीसाठी उत्पादन करायचे झाल्यास सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० खालील परवाना लागतो. रंगांची यादी भारतीय मानक ४७०७ मध्ये आहे. अंगसाबणाच्या भारतीय मानक २८८८ मध्ये एकूण मेदद्रव्यानुसार ७६, ७० व ६० टक्के अशा तीन प्रती आहेत. हाताने केलेल्या साबणात पाणी आणि ग्लिसरीन राहत असल्याने त्याचा हा आकडा कमी भरतो. तेवढ्यावरून त्याला कमअस्सल ठरवणे योग्य नाही. कोकण व गोव्याच्या पावसाळ्यात हेच ग्लिसरीन हवेतली ओल ओढते. सोप बेसच्या वड्यांवर तर दवासारखे थेंब दाटतात आणि ठशाच्या बारीक रेषा बुजतात. तेथील कारागीर म्हणून सोप बेसची वडी साच्यातून काढताच घट्ट गुंडाळतात.