कार्बन मोजायचाय? आधी जुनी बिलं काढा

बॉयलर, जनरेटर आणि एसीच्या देखभालीसाठी आम्ही येतो तेव्हा अलीकडे एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "कार्बन उत्सर्जन कमी करायचंय, काय घेऊ?" काय घ्यायचं ते नंतर बघू. आधी आपल्याकडे काय आणि किती जळतंय ते कळायला हवं. गंमत म्हणजे त्याची नोंद बहुतेकांच्या फायलीत पडूनच असते. ती कशी वाचायची, हे या पत्रकात सांगितलं आहे.

लिटरभर डिझेल, पावणेतीन किलोच्या आसपास वायू

"तुमचा हिशेब चुकलाय," असं एका ग्राहकाने आम्हाला तोंडावर सांगितलं होतं. लिटरभर डिझेल वजनाला किलोही भरत नाही, जेमतेम ८३० ग्रॅम. मग त्यातून २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघेल कसा? शंका रास्त होती. बाकीचं वजन हवेतून येतं. जळताना कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात. कार्बनचा अणुभार १२, दोन ऑक्सिजनचा मिळून ३२. म्हणजे १२ किलो कार्बन जळला की ४४ किलो वायू तयार होतो. पेट्रोलचा आकडा लिटरमागे साधारण २.३ किलो, एलपीजीचा किलोमागे ३ किलो. वर्षभराच्या पावत्यांची बेरीज करून या आकड्याने गुणलं की निम्मं काम झालं.

धूर दिसत नाही म्हणजे कार्बन नाही, असं मात्र समजू नका. काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेलं इंधन. बर्नर नीट लावला की तो थांबतो, आणि थांबायलाच हवा, कारण ती काजळी फुप्फुसात जाते. पण स्वच्छ दिसणाऱ्या धुराड्यातूनही कार्बन डायऑक्साइड पुरेपूर बाहेर पडत असतो. काजळी काही दिवसांत पावसाबरोबर खाली बसते. या वायूचा बराचसा भाग शतकानुशतकं हवेत राहतो. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ३१५ च्या आसपास भरला. आता ४२० च्या वर गेला आहे. हा वायू सूर्यप्रकाशाला आत येऊ देतो, जमिनीवरून परतणारी उष्णता मात्र अडवतो. आपण सोडलेल्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो, आणि त्याने समुद्राच्या पाण्याची आम्लता वाढते. शिंपले आणि प्रवाळ यांना कवच घडवणं त्यामुळे जड जातं.

वीज कुठून आली, यावर सगळं

विजेच्या बिलावर युनिट लिहिलेले असतात, कोळसा लिहिलेला नसतो. कोळशातली जेमतेम ३५ ते ४० टक्के उष्णता विजेत उतरते. बाकीची धुराड्यातून आणि थंड करण्याच्या पाण्यावाटे निघून जाते. म्हणून कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे आपल्याकडे जवळपास किलोभर वायू पडतो. खाण, बांधकाम, निर्मिती असं सगळं धरून केलेले हिशेबही आहेत. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या २०१४ च्या जगभराचा विचार करणाऱ्या अहवालात कोळशासाठी युनिटमागे मधला आकडा ८२० ग्रॅम आहे, नैसर्गिक वायूसाठी ४९०, सौर पॅनेलसाठी ४० ते ५०, जलविद्युतसाठी २४, पवन आणि अणुऊर्जेसाठी १२ च्या आसपास.

शून्य कुणाचाच नाही, हे बघून ठेवा. पॅनेलचं सिलिकॉन वितळवायला प्रचंड उष्णता लागते. धरणाच्या पाण्याखाली कुजणाऱ्या झाडापानांतून मिथेन हा उष्णता अडवणारा वायू निघतो, शिवाय गावं उठतात ती वेगळीच. अणुकचरा सांभाळावा लागतो. पण ५० आणि ८२० यांत फरक आहे तो आहे. "सगळेच सारखे" म्हणणाऱ्याने एकदा हे आकडे शेजारी-शेजारी मांडावेत.

आता एक हिशेब, जो ऐकून बरेच जण चमकतात. पाणी तापवायचं आहे. कोळशाच्या विजेवर साधा कॉइलचा हीटर लावला तर एक युनिट उष्णतेमागे जवळपास एक किलो वायू. चांगल्या गॅस बॉयलरवर तेवढ्याच उष्णतेमागे पाव किलो. हीट पंप म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणणारं मशीन. ते एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देतं, म्हणजे कोळशाच्या विजेवरही एक तृतीयांश किलो. आज नुसत्या कोळशावर गॅस पुढे आहे, हे कबूल. पण विजेत सौर आणि पवनचा वाटा निम्म्यावर आला की हीट पंप स्पष्टपणे पुढे जातो, आणि मशीन एकदा बसवलं की दहा-पंधरा वर्षं तेच चालणार. कॉइलच्या हीटरची बाजू मात्र आम्ही कुणाजवळच घेत नाही.

डिझेल जनरेटर भरल्या लोडवर लिटरमागे तीन-साडेतीन युनिट देतो. रात्री चार दिव्यांसाठी मोठा सेट चालू ठेवलात तर तेच लिटर निम्म्या कामालाही येत नाही, आणि सायलेन्सरमधून काळं तेल गळायला लागतं. लहान सेट किंवा बॅटरी घ्या, मोठा गरजेपुरताच चालवा.

जी गळती कोणत्याच बिलात दिसत नाही

एका ग्राहकाकडे एसीमध्ये दरवर्षी गॅस भरला जायचा. "भरून घेतो, चालतं वर्षभर," असं चाललं होतं. गॅस काही संपणारी वस्तू नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. आम्ही साबणाचं पाणी लावलं तर पाइप जोडणाऱ्या फ्लेअर नटवर बारीक बुडबुडे. नट उघडून पाइपचं तोंड नव्याने केलं आणि प्रश्न मिटला.

याचा कार्बनशी संबंध मोठा आहे. बऱ्याच एसींत असणारा आर-४१०ए हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट उष्णता अडवतो. म्हणजे एक किलो गळाला की साडेसातशे लिटरहून जास्त डिझेल जाळल्यासारखं. आर-३२ चा आकडा ६७५, आर-२९० म्हणजे प्रोपेनचा अगदी नगण्य, पण तो पेट घेतो, त्यामुळे शिकलेल्या माणसाशिवाय हात लावू देऊ नका. हे जास्त तापवणारे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचं ओझोन वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीत ठरलं आहे. नवं मशीन घेताना मागच्या पाटीवर गॅसचं नाव वाचा. जुनं मोडीत देताना गॅस हवेत सोडू न देता सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगा. आमची माणसं ते करतात, त्यात वेळ जातो, म्हणून घाई करू नका.

बॉयलरचं थोडक्यात : धुराड्यातल्या वायूचं तापमान २२ अंशांनी वाढलं की साधारण एक टक्का इंधन वाया जातं. थर्मामीटर बसवलेला असतो, फक्त कुणी बघत नाही. आकडा चढत असेल तर नळ्यांवर पाण्याच्या बाजूने क्षारांचा थर किंवा धुराच्या बाजूने काजळी धरली आहे.

आम्ही सौर पॅनेलही बसवतो, तरी आधी गळती, काजळी आणि रिकामा चालणारा जनरेटर यांवरच बोट ठेवू. वापर कमी झाला की पॅनेलही कमी लागतात.

पुढच्या भेटीआधी एवढं काढून ठेवा : बारा महिन्यांची विजेची बिलं, डिझेल-गॅसच्या पावत्या, जनरेटरच्या तासमीटरचं आजचं रीडिंग, आणि एसीत कधी किती गॅस भरला त्याची नोंद. नोंद नसेल तर भरणाऱ्याला विचारून तारखा तरी लिहा. हिशेब आम्ही तुमच्यासमोर बसून मांडू.