बिनवायरची व्हिडिओ बेल: बॅटरी जास्त दिवस टिकण्यासाठी

आमच्याकडून बेल नेल्यावर साताऱ्यातले बरेच ग्राहक विचारतात, "खोक्यावर सहा महिने लिहिलंय, मग महिन्यातच चार्जिंगला का लावावी लागते?" बहुतेक वेळा बॅटरीत दोष नसतो. ही बेल एरवी झोपलेली असते. समोर हालचाल झाली की जागी होऊन कॅमेरा चालू करते आणि वायफायवरून चित्र पाठवते. बॅटरी खर्ची पडते ती या जागं होण्यात. खोक्यावरचा आकडा बेल दिवसातून मोजक्याच वेळा जागी होईल असं धरून काढलेला असतो. सदर बझारात रस्त्यालगत दार असेल, तर जाणारी प्रत्येक गाडी तिला उठवते.

म्हणून ॲपमध्ये हालचालीचा भाग पायऱ्यांपुरताच आखून घ्या, संवेदनशीलता मध्यम ठेवा. उगाच लाइव्ह बघणं टाळा, कारण त्याइतकी बॅटरी दुसरं काहीच खात नाही.

वायफाय कमजोर असेल तरी बॅटरी लवकर उतरते. जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंतींतून सिग्नल नीट बाहेर येत नाही. ॲपमध्ये सिग्नलचा आकडा दिसत असेल तर तो उणे ६० च्या आसपास हवा. उणे ७० च्या पलीकडे, म्हणजे उणे ७५, उणे ८० असा गेला असेल तर राउटर दाराजवळ आणा. लाइट गेल्यावर राउटर बंद पडतो आणि बेल त्याला शोधत राहते. राउटरला छोटा यूपीएस लावा, खर्च वसूल होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडच्या जुन्या बेलच्या वायरीत बहुधा थेट २३० व्होल्ट असतात. ती वायर या बेलला कधीही जोडू नका. बेल जळेल, शिवाय जिवाला धोका. वायरिंगवर चालणारं मॉडेल असेल तर माहितीपुस्तिकेत दिलेल्या व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मध्ये लागतो, आणि ते काम वायरमनकडूनच करून घ्या.

बॅटरी २० टक्क्यांवर आली की चार्जिंगला लावा, शून्यावर जाऊ देऊ नका. साधा ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर पुरतो. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. पश्चिमेच्या दारावर एप्रिल-मेचं ऊन थेट पडत असेल तर वर छोटं छप्पर करा. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्ज न करता दुकानात आणून द्या, कचऱ्यात टाकू नका.

सोलर पॅनेल इथे छान चालतं, पण महाबळेश्वर, मेढ्याकडच्या पावसाळ्यात त्याच्यावर विसंबू नका. तिकडच्या ग्राहकांनी निघणाऱ्या बॅटरीचं मॉडेल आणि एक जादा बॅटरी घ्यावी.

बेल घ्यायला येताना दाराचा, समोरच्या रस्त्याचा आणि राउटरच्या जागेचा फोटो घेऊन या. कोणतं मॉडेल चालेल ते बघूनच सांगू.