तेलाला वळणाचं वावडं नाही

आजकालची महागडी रोड सायकल समोरून बघितली की हिचे ब्रेक नेमके चालतात कशावर, असा प्रश्न पडतो. हँडलला लिव्हर आहेत, चाकाजवळ डिस्क आणि तिला चिमटीत धरणारे कॅलिपर आहेत, पण दोघांना जोडणारं काहीच दिसत नाही. मागच्या ब्रेकची तेल भरलेली नळी हँडलबारच्या आतून निघते, हेडसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या सांध्याच्या, वरच्या बेअरिंगमधून फ्रेमच्या पोटात उतरते, डाउनट्यूबमधून, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरक्या दांड्यातून, पेडलच्या आसापाशी पोचते आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या चेनस्टेमधून थेट कॅलिपरशी बाहेर डोकावते. रोड शर्यतींमध्ये डिस्क ब्रेकना 2018 च्या जुलैमध्ये कायमची परवानगी मिळाली, आणि त्यानंतर नळ्या लपवण्याची ही टूम चांगलीच फोफावली. दिसायला सुरेखच. पण एवढी वळणं घेऊनही ब्रेक लागतो कसा?

तारेचा ब्रेक असता तर नीट लागला नसता. अर्नेस्ट बाउडन यांनी 1896 साली पेटंट घेतलेली, आवरणातून सरकणारी तार शतकभर सायकलींचे ब्रेक ओढत आली. तिची अडचण एकच: प्रत्येक वळणावर ती आवरणाच्या आतल्या भिंतीला घासते, आणि हे नुकसान बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतं. घर्षणांक 0.1 धरला तर एकूण 90 अंशांच्या वळणानंतर 100 पैकी 85 भाग ओढ शिल्लक राहते. सगळी वळणं मिळून 360 अंश झाली की उरतात जेमतेम 53. त्यात गंज आणि चिखल धरलेलाच नाही. तार फ्रेमच्या आतून नेतच नव्हते असं नाही, पण वळणं मोजून आणि जपून.

तेलाला मात्र वळणाचं वावडं नाही. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल यांनी सांगितलं आणि आपण ते शाळेत पाठही केलं. नळी सरळ असो की नागमोडी, लिव्हरपाशी जितका दाब तितकाच कॅलिपरपाशी. चिकटपणाचा अडथळा होतो तो तेल वाहत असतानाच, आणि इथे वाहणारं तेल असतं किती? कॅलिपरमध्ये समोरासमोर 22 मिलिमीटर व्यासाचे दोन पिस्टन आहेत आणि पॅड डिस्कला टेकायला प्रत्येकाला पाव मिलिमीटर सरकायचं आहे असं धरा. हिशेब येतो 0.19 मिलिलिटर, म्हणजे चारेक थेंब.

आता जोराचा हिशेब. लिव्हरवर बोटाने 5 किलोचा जोर दिला आणि लिव्हरच्या तरफेने तो पाचपट झाला, तर आतल्या छोट्या पिस्टनवर 25 किलो पडतात. या पिस्टनचा व्यास 10 मिलिमीटर धरला तर 22 मिलिमीटरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ त्याच्या जवळपास पाचपट भरतं. म्हणजे डिस्कच्या प्रत्येक बाजूला सुमारे 120 किलोंची चिमट. त्या वेळी नळीतला दाब वातावरणाच्या तीसेक पट असतो.

इतका दाब सोसणारी ही नळी बाहेरून फक्त 5 मिलिमीटर जाड. आत प्लास्टिकची गुळगुळीत नळी, तिच्यावर बहुधा अॅरामिडच्या, म्हणजे केव्हलरसारख्या, धाग्यांचं विणकाम आणि वर संरक्षक आवरण. खरी गंमत विणकामात आहे. दाबाखालची बंद नळी लांबीच्या दिशेने जितकी ताणली जाते, त्याच्या दुप्पट घेराच्या दिशेने ताणली जाते. दोन्ही ताण एकाच धाग्याने पेलायचे तर तो नळीच्या अक्षाशी सुमारे 54.7 अंशांचा कोन करून विणावा लागतो. कोन याहून कमी असेल तर नळी फुगून आखूड होऊ पाहते, जास्त असेल तर लांब होऊ पाहते. ब्रेकच्या नळीने यातलं काहीच करायचं नसतं, कारण ती जितकी फुगेल तितकी लिव्हरची ओढ वाया जाते.

सिद्धांत इथे संपतो आणि मेकॅनिकचा घाम सुरू होतो. फ्रेमच्या एका भोकातून नळी आत सरकवायची आणि मीटरभर लांबच्या दुसऱ्या भोकातून बाहेर काढायची, तेही आत काही दिसत नसताना. जुनी नळी बदलायची असेल तर काम सोपं: दोन्ही बाजूंना खाचा असलेला छोटा जोड घेऊन नव्या नळीचं टोक जुनीच्या टोकाला जोडायचं आणि जुनी ओढून काढायची, झिजलेल्या नाडीला नवी बांधून नेफ्यातून ओढतात तसं. जोड न लावताच जुनी उपसून काढली, की मग बसा शोधत.

फ्रेम रिकामीच असेल तर टोकाला चुंबक असलेली बारीक तार आत सोडतात आणि बाहेरून मोठा चुंबक फिरवत तिला भोकापर्यंत आणतात. कार्बन आणि अॅल्युमिनियम यांना चुंबक चिकटत नाही म्हणून हे जमतं. स्टीलच्या फ्रेममध्ये चुंबक वाटेतच भिंतीला चिकटून बसतो. तिथे एका भोकातून शिवणाचा दोरा सोडून दुसऱ्या भोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावणं हा गावठी पण नामी उपाय. काही फ्रेममध्ये कारखान्यातूनच आत मार्गदर्शक नळी बसवलेली असते. असली फ्रेम बनवणाऱ्याला मेकॅनिक दुवा देतात. नसेल तर नळीवर स्पंजचं आवरण चढवायला विसरू नये, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात फ्रेमच्या आतून खडखडाट ऐकू येईल.

नळी बाहेर आली की ती काटकोनात, स्वच्छ कापायची. तिच्या तोंडात बार्ब, म्हणजे धातूची बारीक खाचेदार नळी, ठोकायची, वर पितळेचं ऑलिव्ह, म्हणजे छोटं कडं, आणि मग नट. नट आवळताना ऑलिव्ह चिरडून नळीला कायमचं आवळून बसतं, म्हणून ते एकदाच वापरायचं. शिमानो कंपनीच्या लिव्हरला हा नट 5 ते 6 न्यूटन-मीटरने आवळायला सांगतात. पुढच्या वेळी नळी काढली की ऑलिव्हसकट टोक कापून टाकावं लागतं, म्हणजे दरवेळी नळी थोडी आखूड होते. शहाणा मेकॅनिक म्हणूनच फ्रेमच्या आत थोडी ढील ठेवतो.

या उघडझापेत हवा आत शिरते, आणि तेल वळणाला जितकं उदार तितकंच हवेबाबत कडक. आपल्या उदाहरणात हवेचं आकारमान दाबाखाली तिसाव्या हिश्श्यावर येतं, म्हणजे बुडबुडा जवळजवळ नाहीसाच होतो आणि त्याची जागा भरायला पिस्टनला जास्त सरकावं लागतं. दोन थेंबांएवढी हवा असेल तर 10 मिलिमीटरच्या पिस्टनला सव्वा मिलिमीटर फुकट जावं लागतं, आणि लिव्हरच्या टोकाशी त्याचे सहा मिलिमीटर होतात. ब्रेक स्पंजसारखा लागतो तो यामुळे. ब्लीडिंग करताना, म्हणजे ही हवा बाहेर काढताना, ती वरच्या टोकाकडे चढावी म्हणून सायकल तिरकी टांगतात आणि नळीला टिचक्या मारतात. फ्रेमच्या पोटातल्या नळीला टिचकी कशी मारणार? मग सायकलच हलवत बसायचं.

हेडसेटमधून नळी नेण्याच्या पद्धतीबद्दल मात्र माझं मत फारसं चांगलं नाही. वरचं बेअरिंग नळ्यांभोवती अडकलेलं असतं. ते बदलायचं तर बहुतेक फ्रेममध्ये नळ्या सोडवा, कापा, पुन्हा जोडा, पुन्हा ब्लीड करा. पावसाचं पाणी आणि घाम याच जागी झिरपतो, म्हणजे सर्वांत आधी खराब होणारा भाग सर्वांत अवघड ठिकाणी. बरं, मिळतं काय? 5 मिलिमीटर जाडीची, 30 सेंटिमीटर लांबीची एक नळी मोकळ्या वाऱ्यात आडवी धरली, तर ताशी 40 किलोमीटरला तिचा अडथळा भरतो साधारण 1.4 वॉट. हवेविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाने बदलते, म्हणून ताशी 20 किलोमीटरला तो आठव्या हिश्श्यावर येतो. सेकंदांनी शर्यत हरणाऱ्याने यासाठी जरूर पैसे मोजावेत. भाजी आणायला किंवा रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाणाऱ्याला डाउनट्यूबमध्ये शिरून चेनस्टेमधून बाहेर येणारी नळी पुरे. तिचं लिव्हरकडचं टोक बाहेरच असतं आणि हेडसेट सुटा राहतो.

आपल्याकडच्या सायकलस्वाराला आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्यायला हवी. मोटरसायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो आणि आपले हात त्यालाच सरावलेले असतात. युरोप-अमेरिकेच्या पद्धतीने जोडलेल्या सायकलीत तो डाव्या हाताला असतो. बाहेरून नळ्या असतील तर अदलाबदल अर्ध्या तासाचं काम. त्या हँडलबारमधून, हेडसेटमधून गेलेल्या असतील, तर डावी-उजवी करण्यासाठी वरचा सगळा भाग उकलून नळ्या नव्याने ओवाव्या लागतात, कधी कधी त्या आखूड पडतात आणि नव्या घ्याव्या लागतात. म्हणून पुढचा ब्रेक कोणत्या हाताला हवा, हे दुकानदाराला सायकल जोडायच्या आधी सांगावं.