पार्श्वभूमी: स्मृतिभ्रंशाचा रुग्ण पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्रातून) पुढे कुठे जातो?

आशाताई घरोघरी फिरून ‘सीबॅक’ हा आजारांच्या प्राथमिक चाचपणीचा फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. चालताना तोल जातो का, जेवण-आंघोळीला दुसऱ्याची मदत लागते का, वगैरे. त्यातलाच एक: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? उत्तर ‘हो’ आलं तर माणसाला आरोग्य केंद्रात पाठवायचं. पाठवण्याची सोय झाली. घ्यायचं कोणी, हा वाद मात्र जुना आहे.

१९८२च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने मानसोपचार खेड्यापर्यंत न्यायचं ठरवलं, कर्नाटकातल्या बेल्लारीतल्या प्रयोगाच्या धर्तीवर १९९६पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. भर तीव्र मानसिक आजारांवर होता. म्हातारपणचा विसर कोणाच्या खिजगणतीत नव्हता. मग २०१०-११मध्ये ज्येष्ठांसाठी स्वतंत्र कार्यक्रम निघाला: जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा वॉर्ड, ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोनदा ओपीडी, पीएचसीत एकदा. आता एकाच आजीवर दोन कार्यक्रमांचा हक्क, आणि म्हणून कोणाचीच पुरती जबाबदारी नाही.

कायद्यांनीही गुंता सोडवला नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या व्याख्येत विचार आणि मनःस्थितीच्या बरोबरीने स्मरणशक्तीचा गंभीर बिघाडही येतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६च्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स नावानिशी आहे, स्मृतिभ्रंश नाही. त्यामुळे प्रमाणपत्र हवं तर बहुधा ‘मानसिक आजार’ या रकान्यातून. सत्तरीतल्या वडिलांसाठी तो कागद काढायला किती मुलं तयार होतील?

मानसोपचारवाल्यांचं म्हणणं असं की कुटुंब दवाखान्यात येतं ते विसरण्यामुळे नव्हे. संशय, रात्रीची जाग, शिवीगाळ यांनी घर मेटाकुटीला येतं तेव्हा. शिवाय जिल्ह्याच्या ठिकाणी किमान मानसोपचारतज्ज्ञ असतो, न्यूरोलॉजिस्ट (मेंदूविकारतज्ज्ञ) क्वचितच. दुसरी, न्यूरोलॉजीची बाजू म्हणते, आधी बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासा, पडल्यामुळे मेंदूवर रक्त साकळलंय का ते बघा. यातलं काही वेळीच सापडलं तर माणूस सुधारू शकतो. दोन्ही बरोबर आहेत. पण भांडण तज्ज्ञांच्या मालकीचं झालं आणि पहिल्या दोन तपासण्या तालुक्याच्या पातळीवरच हातासरशी व्हाव्यात, हा साधा मुद्दा मागे पडला. केसपेपरवर ‘न्यूरो ओपिनियन’ लिहून मोकळं होणं सोपं. ते घ्यायला मेडिकल कॉलेज गाठायचं, म्हणजे गाडीभाडं, बुडालेला रोज आणि रांगेतून उठून चालू लागणाऱ्या म्हाताऱ्याला धरून बसायला दुसरा माणूस.

स्मरणशक्तीच्या चाचणीचा प्रश्न त्या मानाने लवकर मार्गी लागला होता. प्रचलित चाचणीत ‘डोळे मिटा’ हे वाचून तसं करायचं असतं. निरक्षराने काय करावं? नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढमध्ये तिचं हिंदी रूप घडवताना ‘मी करतो तसं करा’ अशी सोय केली गेली.

आपल्या सर्वांत जवळचा धडा गोव्यातला. २००१च्या सुमारास तिथे लोकांशी बोलून झालेल्या अभ्यासात दिसलं, की स्मृतिभ्रंशातल्या वागण्याचं खापर घरच्यांच्या हेळसांडीवर फोडलं जातं. डॉक्टरांपर्यंत हे रुग्ण फारसे पोचतच नव्हते. पुढे तिसवाडी आणि बार्देस तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांवर प्रयोग झाला, निष्कर्ष २००८मध्ये आले. थोडं प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जात, आजार समजावत, हट्टीपणा कसा हाताळायचा ते सांगत. तज्ज्ञ पाठीशी असे. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण लक्षणीय कमी झाला. रुग्णांमध्ये तितका ठाम फरक दिसला नाही, हेही नोंदवायला हवं.

केरळने २०१४मध्ये राज्य पातळीवर स्वतंत्र उपक्रम हाती घेतला. २०२३मध्ये देशातल्या साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला. त्याआधीच, २०२२मध्ये, १४४१६ ही हेल्पलाइन आली, तीही मानसिक आरोग्याच्याच बाजूने. ज्येष्ठांच्या कार्यक्रमात घरभेटीची तरतूद आहे, पण ती घराबाहेर पडू न शकणाऱ्यांसाठी. धडधाकट पायांनी एसटी स्टँडपर्यंत जाऊन घरचा रस्ता विसरणारे आजोबा तिच्यात बसत नाहीत.