स्टेपनी, पॉइंटचा डबा आणि लाल त्रिकोण: डिकीतल्या सामानाची पार्श्वभूमी

जादा चाकाला आपण सगळे स्टेपनी म्हणतो, पण हे मुळात एका रस्त्याचं नाव आहे. वेल्समध्ये लानेल्ली नावाचं गाव आहे, तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस नावाच्या भावांचं वर्कशॉप होतं आणि १९०४ च्या सुमाराला त्यांनी तिथे जादा चाक बनवून विकायला सुरुवात केली. कंपनीचं नाव रस्त्यावरून पडलं, चाकाचं नाव कंपनीवरून पडलं, आणि ते चाक जगभर जिथे जिथे गेलं तिथे हा शब्द राहून गेला. ब्राझीलमध्येसुद्धा जादा चाकाला एस्तेपे म्हणतात, तो शब्दही इथूनच गेलेला.

पण मग १९०४ च्या आधी लोक काय करायचे? तर गाडीत काहीच नसायचं किंवा सगळंच असायचं, मधलं काही नव्हतं.

काहीच नसण्याचं उदाहरण म्हणजे बेर्था बेंझ. ऑगस्ट १८८८ मध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली, शंभरेक किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने हॅटची पिन घालून ती मोकळी केली, इग्निशनच्या वायरवरचं आवरण घासलं होतं तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला, इंधन संपत आलं तर वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचं डाग काढायचं द्रव घेतलं, आणि ब्रेकचं लाकूड झिजलं तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्याकडे स्पेअर पार्ट नव्हते, पण कुठला भाग कशासाठी आहे हे तिला नीट माहीत होतं आणि म्हणून अंगावरच्या वस्तूंवर काम भागलं.

पंक्चर मात्र तिला झालं नाही, होणारच नव्हतं, कारण त्या गाडीला हवेचे टायर नव्हतेच. ती भानगड नंतर आली. १८९५ च्या पॅरिस-बोर्डो-पॅरिस शर्यतीत फ्रान्समधल्या टायर कंपनीच्या मिशलँ बंधूंनी पहिल्यांदा हवा भरलेले टायर लावून मोटार उतरवली, वारंवार पंक्चर झाली, ट्यूबा बदलून बदलून बेजार झाले आणि ठरलेल्या वेळेत पोचले नाहीत. तरी गाडी आरामात चालते हे सगळ्यांना दिसलं, मग हवेचा टायर आला तो आलाच. त्याच्याबरोबर टायर उचकटायच्या पट्ट्या, ट्यूबा, सोल्युशन, हातपंप हे सगळं सामान गाडीत आलं. याच कंपनीने १९०० मध्ये मोटारवाल्यांना फुकट वाटलेल्या मिशलँ गाइडमध्ये टायर कसा बदलायचा आणि दुरुस्ती कुठे मिळेल हे दिलेलं होतं, हॉटेलांचे तारे बरेच नंतरचे.

आता सगळंच घेऊन निघणारे. १९०३ मध्ये होरेशियो नेल्सन जॅक्सन नावाचा डॉक्टर सुएल क्रॉकर या मेकॅनिकला घेऊन विंटन गाडीने सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला निघाला, अमेरिका मोटारीने आरपार करणारे हे पहिले, ६३ दिवस लागले. गाडी हलकी करायला मागची सीट काढून टाकली आणि तिथे हत्यारं, जादा इंधन, आणि चिखलातून गाडी ओढून काढायला कप्पी-दोर भरला. तरीही टायर संपले, एकदा तर चाकाला दोर गुंडाळून गाडी चालवली, पार्ट रेल्वेने मागवून घेतले आणि त्यांची वाट बघत दिवसच्या दिवस गेले. सहा वर्षांनी, १९०९ मध्ये, बावीस वर्षांची अ‍ॅलिस रॅमसे उलट बाजूने, न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला गेली, ५९ दिवसांत, सोबत तीन बायका पण गाडी चालवता येणारी ती एकटीच. तिने वाटेत ११ टायर बदलले. रेडिएटरमधलं पाणी संपलं तेव्हा बायकांनी सामानातली टूथब्रश ठेवायची काचेची भांडी काढून बाजूच्या खड्ड्यातलं पाणी त्यात भरून भरून आणलं.

आता परत स्टेपनीकडे. त्या काळी बऱ्याच गाड्यांचं चाक सहज निघायचं नाही, पंक्चर झालं की रस्त्यातच टायर उचकटून ट्यूब काढा, चिकटवा, परत बसवा, हाताने हवा भरा. स्टेपनी म्हणजे आरे नसलेली नुसती गोल रिम आणि तिच्यावर हवा भरलेला टायर, ती पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला क्लॅम्पने आवळायची आणि निघायचं. पुढे निघणारी रिम आणि निघणारं चाक आलं तशी ही पद्धत गेली, अख्खं चाकच बोल्टवर बदलायला लागले, पण नाव राहिलं.

नंतर १९१२ मध्ये कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ आला. त्याआधी हँडल मारूनच गाडी चालू करायची आणि हँडलने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं, त्यामुळे ही मोठीच सोय होती, पण आता बॅटरी उतरली की गाडी उभी. म्हणजे जंपर केबलची, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून आपली गाडी चालू करायच्या वायरची, गरज सेल्फने निर्माण केली. डिकीच्या इतिहासात हे परत परत दिसतं, नवीन सोय आली की तिच्याबरोबर बंद पडायचं नवीन कारण येतं आणि सामानात एक वस्तू वाढते.

पुढची पन्नास-साठ वर्षं म्हणजे स्पेअर पार्टच्या डब्याचा काळ. माझ्या काकांच्या गाडीत असा पत्र्याचा डबा होता, त्यात पॉइंट, कंडेन्सर, दोन प्लग, प्लगपाना, छोटी कानस, फॅनबेल्ट, होजचा तुकडा आणि क्लिपा. यातली एकही वस्तू हौसेची नव्हती. पॉइंट म्हणजे इग्निशनमधला करंट जोडणारे-तोडणारे धातूचे तुकडे, ते प्रत्येक ठिणगीला उघडबंद होऊन झिजायचे आणि जळायचे, तेव्हा कानशीने घासून गॅप परत सेट केला की गाडी चालू. बऱ्याच गाड्यांत एकच फॅनबेल्ट पंखा, वॉटर पंप आणि डायनॅमो फिरवायचा, तो तुटला की इंजिन तापणार आणि बॅटरीही चार्ज होणार नाही, म्हणून जुने लोक बेल्टच्या जागी लांब मोजा घट्ट बांधून हळूहळू पुढच्या गॅरेजपर्यंत जायचे.

जेरीकॅन युद्धातून आला. १९३० च्या दशकात जर्मन सैन्यासाठी २० लिटरचा डबा बनवला गेला, वर तीन दांडे, म्हणजे रिकामे असतील तर एका हातात दोन धरता येतात आणि भरलेला एक डबा दोघांना मिळून उचलता येतो. उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे इतके गळायचे की त्यांनी शत्रूचा डबाच उचलला आणि जर्मनांना ते जेरी म्हणायचे म्हणून तो जेरीकॅन.

१९७० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं आणि पॉइंट गेले, मग कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, बेल्ट रुंद झाला आणि टेन्शनरमध्ये, म्हणजे तो ताणून धरणाऱ्या भागात, असा अडकला की तो रस्त्यात बदलणं जवळपास अशक्य. गाड्या बंद पडायच्या कमी झाल्या हे खरंच आहे, पण बंद पडली तर सेन्सर गेलाय की कंप्युटर हे पान्याने कळत नाही, त्यामुळे तो डबा संपला. त्याची जागा फोन आणि मदतीच्या गाडीने घेतली. तशा मोटारवाल्यांच्या संघटना जुन्याच, ब्रिटनमधली एए १९०५ ची आणि जर्मनीतली एडीएसी १९०३ ची.

स्टेपनीचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. आधी ती बारीक झाली, ८० च्या वर पळवू नका असं लिहिलेली, आणि नंतर कित्येक गाड्यांतून गेलीच. १९९७ ची कॉर्व्हेट पंक्चर झालं तरी काही अंतर चालणाऱ्या टायरांवर स्टेपनीशिवाय आली. वजन कमी, जागा जास्त, इंधन वाचतं, कारणं सगळी समजतात. पण बदल्यात जो सीलंटचा डबा आणि छोटा कंप्रेसर देतात तो खिळ्याच्या बारीक भोकापुरता, टायरची बाजू फाटली तर काही उपयोग नाही, आणि त्या डब्यालाही एक्स्पायरी असते. ज्यांच्याकडे स्टेपनी आहे त्यांनीसुद्धा टायर कधी बनला ते सांगणारे त्याच्यावरचे चार आकडे बघावेत, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, कारण न वापरलेलं रबरही म्हातारं होतं.

दरम्यान डिकीत दुसरंच सामान आलं, गाडीसाठी नाही, माणसासाठी. १९६८ च्या रस्ते वाहतुकीच्या व्हिएन्ना करारात बंद पडलेल्या गाडीच्या मागे रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण आला. जर्मनीत त्रिकोण आणि फर्स्ट एड बॉक्स लागतोच, २०१४ पासून चमकणारं जॅकेटही. आणि स्पेनने तर १ जानेवारी २०२६ पासून त्रिकोणाच्या जागी टपावर ठेवायचा लुकलुकणारा दिवा सक्तीचा केला, कारण त्रिकोण ठेवायला रस्त्यावर चालत जाणारे लोकच गाडीखाली येत होते. हा दिवा खिडकीतून हात बाहेर काढून लावता येतो, आणि गाडी कुठे उभी आहे तेही तो स्वतःच कळवतो.