समुद्र नसलेल्या मुलखातली भरती

तुरीला शेंगा धरल्या की यवतमाळकडच्या वावरांत रात्रीची जागल सुरू होते. रानडुकरं हाकलायला माळ्यावर बसलेल्या कास्तकाराला चंद्राचा हिशेब शिकवावा लागत नाही. पौर्णिमेला दिवस बुडताबुडता धुऱ्यावर येणारा चांद दुसऱ्या दिवशी पाऊण तास, कधी तासभर उशिरा येतो. तिसऱ्या दिवशी आणखी तेवढाच. वद्य अष्टमीला तर मध्यरात्र होते. समुद्राच्या भरतीची किल्ली या पाऊण तासात आहे. ज्यानं जन्मात समुद्र पाहिला नाही त्याच्याही हाती ती असते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कोकणात हाच हिशेब तोंडी चालत आला आहे. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते तेव्हा उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास ती काटकोनात येते तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती. पंचांग एकच, आम्ही त्यात सणवार पाहतो, ते होडी काढायची वेळ पाहतात.

चंद्राशी नातं आहे, हे माणसाला फार लवकर कळलं होतं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक दर्यावर्दी पिथियस यानं ते नोंदवलं. विष्णुपुराणात तर दाखला चुलीवरचा आहे. भांड्यातलं पाणी तापून फुगतं, पण वाढत नाही. तसाच समुद्र चंद्राच्या कलांबरोबर फुगतो आणि ओसरतो, तोही 510 अंगुलं. कारण चुकलं, पण पाणी तेवढंच राहतं हे पक्कं धरलेलं आहे. मध्य आशियातून आलेल्या अल्बिरुनी या विद्वानानं 1030 च्या सुमारास सोमनाथाबद्दल लिहिलं, की चंद्र उगवताना आणि मावळताना भरतीचं पाणी लिंगावर चढतं. चंद्रच देवाला अंघोळ घालतो, अशी लोकांची भावना.

नातं दिसत होतं, कारण सापडत नव्हतं. केप्लरनं 1609 मध्ये चंद्राची ओढ हे कारण सांगितलं, तर गॅलिलिओनं ते धुडकावलं. पृथ्वीच्या फिरण्यानं समुद्राला हिसका बसतो, असं त्यानं 1632 च्या ग्रंथात मांडलं. एवढ्या मोठ्या माणसाची ही चूक वाचून मला वाईट वाटतं. न्यूटननं 1687 मध्ये गाठ सोडवली. चंद्राकडच्या बाजूच्या पाण्याला ओढ जास्त, पृथ्वीच्या मध्याला त्याहून कमी, पलीकडच्या पाण्याला सगळ्यात कमी. म्हणून अलीकडचं पाणी पुढं जातं, पलीकडचं मागं राहतं, आणि फुगवटे दोन होतात. चंद्र एक असून भरती दिवसातून दोनदा का, याचं उत्तर हे. सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी भरतो. पुढं फ्रेंच गणिती लाप्लासनं दाखवलं की भरती ही किनाऱ्यांना आणि तळाला धरून धावणारी लांबच लांब लाट आहे. त्यामुळे मुंबईत उधाणाला पाणी पाचेक मीटर चढतं-उतरतं, तर खंबातच्या निमुळत्या आखातात दहा मीटरच्या घरात जातं. मुंबईच्या अपोलो बंदरावर 1878 पासून ही चढउतार मोजली जाते, आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विनच्या पद्धतीचं, कप्प्या आणि तारांचं भरती वर्तवणारं यंत्र खास भारतीय बंदरांसाठी 1879 मध्ये बनलं.

आता आमच्या भागाशी थेट जोडलेली गोष्ट. ओढ पाण्यालाच लागते असं नाही, जमिनीलाही लागते. 1880 च्या सुमारास बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, एका बुडालेल्या कोळशाच्या खाणीत पाणी रोज ठरावीक वेळी थोडं वरखाली होताना दिसलं. समुद्र तिथूनही शेकडो किलोमीटर दूर. वणी-चंद्रपूरच्या खाणी पाहिलेल्या माणसाला हे चित्र चटकन उभं राहतं.

हे नेमकं मोजलं मायकेलसन आणि गेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी. गवंडी पायाची पातळी काढायला पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोघांच्या हातात देतो ना, तेच तत्त्व. 1913 मध्ये अमेरिकेतल्या यर्कीस वेधशाळेच्या आवारात सहा फूट खोल, प्रत्येकी पाचशे फूट लांबीचे दोन पाइप पुरले, एक पूर्व-पश्चिम, एक उत्तर-दक्षिण. अर्धे पाण्यानं भरले. टोकांशी सूक्ष्मदर्शक लावून पातळी पाहत बसले. पाणी हललं, पण केसाच्या जाडीहूनही कमी. जमीन पूर्ण ताठ असती तर जितकं हलायला हवं होतं, त्याच्या दहातले सात भागच. उरलेले तीन भाग जमीन स्वतः कलून खाऊन गेली होती. पृथ्वी एकूण पोलादाइतकी कडक आहे आणि तरीही लवते, हे त्यातून ठरलं.

चंद्राच्या ओढीनं जमिनीची होणारी ही उचल आपल्या अक्षांशांवर उधाणाच्या दिवसांत फूटभर होते. चंद्र माळ्यावर येतो तेव्हा एकदा, आणि बारा तास पंचवीस मिनिटांनी तो पायाखाली जातो तेव्हा पुन्हा. कळत नाही, कारण धुरा, विहीर, गोठा, सगळं गाव एकदम वर जातं. तुलनेला बाजूला काही उरत नाही. उपग्रहांवरून जमिनीची जागा अगदी बारकाईनं मोजताना मात्र ही उचल हिशेबातून वजा करावी लागते.